गोदावरीच्या फार दक्षिणेला

काका,

परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, स्वयंपाक्यांची मोठी पातेली गेली आणि आज सकाळपासून मला कुणी 'कॉफी घेतली का' असं विचारलेलं नाही. मग पापनाशमच्या तुमच्या घरून आणलेलं तुमचं पेन घेतलं आणि लिहायला बसलो. लिहितोय देवनागरीत. मुलगी मघाशी डोकावून गेली, तिला वाटलं मी काही मंत्रबिंत लिहितोय. ती आपलं मराठी फडाफडा बोलते, पण वाचते तमिळच. आपल्या घरात हे अक्षर वाचणारे तुम्ही आणि मी दोघंच होतो. तेव्हा हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार?

आधी गुन्हा कबूल करतो. दहनाच्या दिवशी मी नदी चुकलो.

वाध्यारांनी माझ्या हातात पाणी घातलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घरचे भटजी ते, त्यांनाही सवय. ते म्हणाले तसं मी पोपटासारखं मागून म्हटलं, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. पुढचे दोन-चार शब्द गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. तुमच्या तोंडाकडे पाहिलं. साठ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही त्या शब्दांवर काही बोलला नाहीत. मला रडू आलं ते तेव्हा, काका. त्याआधी आलं नव्हतं.

कधी हा कागद कुणा परक्याच्या हाती पडला तर त्याला ही नदीची भानगड कळायची नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो. कुठलंही धर्मकृत्य करताना माणूस आधी आपला पत्ता सांगतो. काळ कोणता, देश कोणता, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत. आपले पूर्वज मराठ्यांच्या राज्यात गोदावरीकाठून तंजावूरला आले, ते हा पत्ता सोबत घेऊनच आले. इथे घर केलं, शेती केली, चिंच खायला शिकले, स्वप्नं तमिळमध्ये पडायला लागली, पण पत्ता बदलायचं कुणाला सुचलं नाही. तीनशे वर्षं आपल्या घरचे पुरुष कावेरीच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून देवाला सांगत होते की आम्ही गोदावरीवर आहोत.

हे तुमच्या ध्यानात कसं आलं, ते आठवतंय ना? मला तर दहीभातातल्या मोहरीसकट आठवतंय.

मी बारा वर्षांचा होतो. तुम्ही पापनाशमच्या शाळेत इतिहास शिकवत होता, लग्न केलं नव्हतं, पुढेही केलं नाहीत. सुट्टीत मी तुमच्याकडे आलो की तुम्ही मला कुठे ना कुठे न्यायचा. त्या वर्षी पूम्पुहारला नेलंत, कावेरी जिथे समुद्राला मिळते तिथे. कुंभकोणमला बस बदलली, मायवरमला बदलली. शेवटच्या थांब्यावर उतरून सगळी बस समुद्राकडे निघाली, फुगेवाले आणि उकडलेले शेंगदाणेवाले त्यांच्या मागे. तुम्ही मात्र माझा हात धरून उलट्या दिशेला वळलात. मी भर उन्हात मागे वळून वळून समुद्र पाहत होतो आणि तुम्ही भाताच्या शेतांतून कीळैयूरच्या वाटेने मला चालवत होता.

तिथे पोचलो तर काय? तारेच्या कुंपणात एक खड्डा, खड्ड्यात विटांचं बांधकाम, चिखलात जुन्या लाकडी खुंटांचे तुकडे. बाजूला दोन शेळ्या आणि ताडाच्या सावलीत रेडिओ ऐकणारा राखणदार. मी विचारलं, "एवढेंच?"

"एवढेंच," तुम्ही म्हणालात, आणि असे हसलात की जणू मी तुमची स्तुती केली.

मग तुम्ही बुशशर्टाच्या बाह्या सारून जमिनीवर काटकीने नदी काढलीत. इथे कावेरीचा एक फाटा येत होता. इथे, या विटांच्या धक्क्याला होड्या-पडाव लागायचे. बाहेर खोल पाण्यात मोठी जहाजं उभी राहायची आणि त्यांतून यवन उतरायचे. मी म्हटलं, यवन म्हणजे बखरीतले? तर म्हणालात, ते नव्हेत, त्यांच्याही फार आधीचे. ग्रीक. मिऱ्यासाठी वाऱ्यावर बसून इतक्या लांब आलेले. नदीच्या मुखाशी त्यांची वेगळी वसाहतच होती म्हणतात. मी उठून पाहायला लागलो, कुठे आहे ती? तुम्ही सांगितलंत, "ठाऊक नाहीं. बहुतेक समुद्रानें घेतली. आपणांस हा धक्का तेवढा राहिला." 'ठाऊक नाही' हे दोन शब्द इतक्या ऐटीत म्हणणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने एखाद्या विटेवर ग्रीक राजाचा अंगठा दाखवला असता.

केळीच्या पानात बांधलेला दहीभात सोडून आपण खायला बसलो, तेव्हा तुम्ही सहज विचारलंत, "व्यंकू, हे यवन आपल्या देवाला दिवा लावीत असतील ना रे? मग नदीचें नांव कोणतें घेत असतील?"

मी म्हटलं, "त्यांच्या गांवच्या नदीचें."

"कशावरून?"

"आपण घेतों की तसें."

तुमचा घास हातातच राहिला. कितीतरी वेळ तुम्ही माझ्याकडे पाहत होता. राखणदाराने रेडिओ बंद करून विचारलं, सार, पोराला काही चावलं का?

ते वाक्य माझं होतं, हे तुम्ही आयुष्यभर भेटेल त्याला सांगत राहिलात. आपल्या शोधाचं श्रेय बारा वर्षांच्या पुतण्याला देणारा माणूस. आणि तो पुतण्या मात्र त्याच संध्याकाळी उठून विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाला.

कारण संध्याकाळी तंजावूरला आपल्या घरी तुम्ही अप्पांसमोर विषय काढलात. अप्पा म्हणजे माझे वडील, तुमचे थोरले भाऊ, घरचे कर्ते, आणि सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी जात. तुम्ही म्हणालात, अण्णा, आपण तीनशे वर्षें देवाला खोटा पत्ता देतों आहों. अप्पांनी शांतपणे ताकाचा पेला खाली ठेवला.

"खोटा कसा? गोदावरीच्या दक्षिणेसच आहों की. जरा लांब, तेवढेंच."

"अय्यो, अण्णा! मग लंकाही गोदावरीचें दक्षिण तीरच. रावणही हेंच म्हणत होता काय?"

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "रघू, लुगडें गेलें, लिपी गेली, पुरणपोळीसुद्धां वर्षांतून दोनदां होते. हें एक नांव राहिलें आहे. तेंही सोडलें तर मग आपण कोण, सांग."

तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर संध्या करताना मात्र मोठ्याने, घरभर ऐकू जाईल असं 'कावेर्याः दक्षिणे तीरे' म्हणालात. बाकी एक अक्षर हलवलं नाहीत. दक्षिणही तेच, तीरही तेच, फक्त नदी आपली. अप्पा पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाहीत, आणि मी, ज्याने हे सगळं सुरू केलं, मूग गिळून अप्पांच्या शेजारी बसून गोदावरी म्हणत राहिलो.

आधी भीतीने म्हणत होतो. मग सवयीने. पुढे खरंच पटलंही, काका, हे तुमच्यापाशी कधी मोकळेपणाने बोललो नाही. अप्पांचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. माणसाच्या घरातून एकेक वस्तू जात असते आणि शेवटी एखादीच उरते, ती चुकीची असली तरी टाकवत नाही. तुम्हालाही ते कळत होतं, म्हणूनच त्या संध्याकाळी तुम्ही गप्प राहिलात, असं मला आता वाटतं.

मी कालव्यांच्या खात्यात लागलो तेव्हा तर तुमच्या हाती कोलीतच मिळालं. जन्मभर मी कावेरीची दारं उघडली आणि मिटली, तिचं पाणी कोणत्या फाट्याला किती जाईल ते पाहिलं, शेतकऱ्यांच्या शिव्याही तिच्याच नावाने खाल्ल्या. तुम्ही घरी आलात की बायकोला विचारायचा, "आमचा इंजिनीर आला काय कामावरून? गोदावरीला पाणी बरें आहे ना?" ती बिचारी पहिल्यांदा खरंच उत्तर द्यायला लागली होती.

तुम्ही दरवर्षी शाळेची मुलं घेऊन त्या खड्ड्यापाशी जात राहिलात. मुलं समुद्रासाठी रडायची, तुम्ही आधी धक्का दाखवायचा आणि मग समुद्र. विटेला बोट लावू द्यायचा, पण खापराचा तुकडाही उचलू द्यायचा नाहीत. सगळी उभी राहिली की त्यांना एकच प्रश्न विचारायचा, ही माणसं इथे राहिली असतील की परत गेली असतील? मुलं भांडायची. तुम्ही निवाडा कधी दिला नाहीत. त्यातली काही मुलं परवा आली होती, आता त्यांचेच केस पिकलेत. एकजण म्हणाला, सारनी मला इतिहासात नापास केलं होतं, पण धक्का मी अजून विसरलो नाही.

एकदा अप्पाही आले होते. भाड्याची गाडी, पुढे मी, मागे तुम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून. अप्पांनी खड्ड्याभोवती एक फेरी मारली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वीट बरी भाजली आहे." एवढी दाद त्यांनी माझ्या लग्नालाही दिली नव्हती. मग म्हणाले, "यवन परत गेले असणार."

"कांहीं गेले. कांहीं राहिले."

"राहिले ते कोठें आहेत? दाखव."

तुम्ही राखणदाराकडे बोट केलंत. "हा असेल."

राखणदाराला तमिळमध्ये सगळं समजावून सांगावं लागलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि घाबराघुबरा होऊन म्हणाला, "मी नाही सार, मी तर वानगिरीचा." वानगिरी म्हणजे शेजारचंच गाव. अप्पा हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसले, आणि तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवून हसत होता. दोघांना एकत्र तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तुम्ही माझ्या उजव्या हाताला बसला होता. मी मनाशी ठरवलं होतं, आज कावेरी म्हणायचं. भाऊ गेल्यापासून तुम्ही फार वाळला होता, मला तुमच्यासाठी काहीतरी करायचं होतं. वाध्यार त्या शब्दाशी आले, मी तोंड उघडलं, आणि तुम्ही माझा गुडघा दाबलात.

"गोदावरी म्हण."

मी तुमच्याकडे वळलो.

"आज त्याचा दिवस आहे," तुम्ही म्हणालात. "ज्याचा दिवस, त्याची नदी."

मग मी म्हटलं, आणि माझ्यामागून तुम्हीही म्हटलंत. ज्या शब्दासाठी भावाचा अबोला सोसलात, तोच शब्द त्याच्यासाठी तोंडभर उच्चारलात. वादात जिंकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. समोरचा बोलायला उरला नाही म्हणून त्याची बाजू स्वतः उचलून धरणारे तुम्ही एकटेच.

या वर्षी पोंगलनंतर तुम्ही फोन केलात, "एकदां धक्का दाखवून आण." चौऱ्याऐंशीचे होता. गाडी कुंपणापर्यंत नेली तरी उतरताना तुम्हाला माझा खांदा धरावा लागला. तुम्हाला ताडाखाली खुर्ची टाकून दिली. राखणदार नवा, हातात रेडिओऐवजी मोबाइल. तुम्ही मला म्हणालात, "इतकीं वर्षें मीच बोललों. तूं पाण्याचा माणूस. तुला काय दिसतें तें सांग."

मी खाली वाकून पाहिलं. खरं तर आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि जे दिसलं ते सांगितलं. हा धक्का मोडलेला नाही. त्याचं बांधकाम अजून ठीक आहे, विटा आपल्या जागी आहेत, खुंट आपल्या जागी आहेत. गाळ साचत गेला, फाटा मिटला आणि पाणी दुसरीकडून वाहायला लागलं. धक्का कुठेच गेला नाही, काका, नदी गेली.

तुम्ही टाळी वाजवलीत. त्या वाळक्या हातांची टाळी वाजलीही नाही धड. "पाहा! सगळे म्हणतात यवन गेले. तूं म्हणतोस नदी गेली. बाराव्या वर्षीं एकदां बोललास, त्यानंतर आज."

मग परत निघताना, गाडीत, पट्टा लावून झाल्यावर, तुम्ही समोर पाहत विचारलंत, "व्यंकू, माझ्या वेळीं कोणती म्हणशील?"

उत्तर मला ठाऊक होतं. नियम तुम्हीच घालून दिला होता. 'कावेरी' हा एक शब्द म्हणायचा होता, अर्ध्या श्वासाचं काम. आणि मी काय म्हणालो? "हें काय बोलणें, काका. ऊन फार झालें, चला." तुमच्या मरणाचा विषय टाळला असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं आहे. ते म्हटलं असतं तर माझ्या बाराव्या वर्षापासून तुम्ही बरोबर होता आणि मी भित्रा, हे कबूल करावं लागलं असतं. तुम्ही "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणालात आणि खिडकीबाहेर पाहत राहिलात. कुंभकोणम येईपर्यंत आपण रस्त्याच्या खड्ड्यांविषयी बोलत होतो.

तीन महिन्यांनी, दुपारी, पेपर वाचता वाचता तुम्ही गेलात. आणि त्या दिवशीसुद्धा मी चुकलो.

म्हणून तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन पूम्पुहारला निघालो तेव्हा मी वाटेत कीळैयूरला गाडी थांबवली. वाध्यार म्हणाले, उशीर होतोय. मी म्हटलं, पाचच मिनिटं. कलश हातात घेऊन कुंपणाशी उभा राहिलो. शेळ्या होत्या, त्याच असतील असं आपलं वाटलं. मग संगमावर गेलो. कमरेपर्यंत पाण्यात उतरलो, एका अंगाला नदी गोड, दुसऱ्या अंगाला समुद्र खारा, आणि वाध्यारांनी संकल्प सुरू केला. ते त्या शब्दाशी आले.

"गोदाव—"

"कावेरी," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की शेजारी दुसऱ्या कुणाचं कर्म चाललं होतं, त्यांनीही मान वळवली.

वाध्यार दचकले. मला वाटलं आता वाद घालतील. ते म्हणाले, "सरी. पण तीर कोणतें? येथें आपण पाण्यांत आहों. येथें नदीच संपते."

जन्मभर पाण्यात काम केलेला मी, पण हे मला सुचलं नव्हतं. तुम्हाला हा प्रश्न किती आवडला असता! पुढची दहा वर्षं तुम्ही तो मुलांना विचारला असता. मी म्हटलं, तीर दक्षिणच ठेवा, तेवढं जुनं राहू दे. मग ते म्हणाले आणि मी मागून म्हटलं, 'कावेर्याः दक्षिणे तीरे', आणि तुम्हाला सोडलं. यवनांची वसाहत जिथे बुडाली असेल, त्याच पाण्यात कुठेतरी. उरलेले दिवसही तीच नदी म्हटली. वाध्यारांना आता अंगवळणी पडलीय.

उशीर झाला, काका. ते तुम्ही जिवंत असताना, गाडीत, पट्टा लावून बसला होता तेव्हा म्हणायचं होतं. वरातीमागून घोडं आलं. तरी ऐकू आलं असेल तर बरं.

आता एकच अडचण आहे, आणि ती तुम्हीच करून ठेवली आहे. पुढल्या वर्षी महालय अमावास्येला, म्हणजे सर्वपित्रीला, मला अप्पांनाही पाणी द्यायचंय आणि तुम्हालाही. एका आसनावर, एका संकल्पात. वाध्यारांनी कालच विचारलं, दोघांचा दिवस एकच, मग नदी कोणती? कावेरी म्हटलं तर अप्पा मिळणार नाहीत. गोदावरी म्हटलं तर तुम्ही.

मी त्यांना सांगितलं, दोनदा बसेन. आधी अप्पांसाठी, ते थोरले. मग उठेन, पाय धुईन, आणि तुमच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून बसेन. ते म्हणाले, गुडघ्यांना झेपेल का? म्हटलं, बघू.